घराची ड्रेनेज लाइन बदलताना : सोलापुरातील खर्चाचा हिशेब

घरातील संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतील सांडपाणी रस्त्याखालच्या सार्वजनिक मलवाहिनीपर्यंत नेणाऱ्या नळीला अभियंते गृहजोडणी म्हणतात आणि सोलापुरात घरोघरी तिला ड्रेनेज लाइन म्हणतात. घर बांधताना फरशी, रंग आणि दारे-खिडक्या यांच्या निवडीवर कुटुंबात महिनोन्‌महिने चर्चा होते. परंतु ही नळी किती मापाची आहे, तिला उतार किती दिला आहे आणि ती कोठून कोठे गेली आहे, याची माहिती बहुधा एकट्या गवंड्यालाच असते आणि काम संपवून तो गेला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. पुढे काही वर्षांनी नळी वारंवार तुंबू लागते, बांबू किंवा सळई घालून ती तेवढ्यापुरती मोकळी होते, पुन्हा तुंबते, आणि अखेर ती बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा वेळी घरमालकाचा पहिला प्रश्न पाइप काय भावाने मिळतो हा असतो. वस्तुतः एकूण खर्चात पाइपचा वाटा लहान असतो. खर्च ठरतो तो नळीभोवतीच्या मातीने, तिच्या उताराने, तिच्यावर घातलेल्या फरशीने अथवा रस्त्याने आणि तिचा मार्ग माहीत असण्या-नसण्याने. ही गोष्ट कामाला हात घालण्यापूर्वी ध्यानात आली, तर सामान्य कुटुंबाचे हजारो रुपये वाचू शकतात आणि तेच काम पुन्हा काढण्याची पाळी येत नाही.

एका शहरातील दोन व्यवस्था

सोलापूरची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. किल्ल्याभोवतीच्या जुन्या पेठा, गिरण्यांच्या चाळी आणि विणकरांची वस्ती असलेला पूर्व भाग मिळून झालेल्या मूळ शहरात घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, बोळ अरुंद आहेत आणि एकेकाळच्या एका वाड्याचे भाऊबंदांत वाटे होऊन तीन-चार घरे झाली आहेत. वाटणीच्या वेळी जमीन, भिंती आणि जिना यांचे वाटप कागदावर झाले, तरी जमिनीखालची नळी एकच राहिली. त्यामुळे मागच्या घराचे सांडपाणी आजही पुढच्या घराच्या खालून वाहत असते आणि ती नळी फुटली की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून घराघरांत वाद उभे राहतात.

१९९२ साली शहराची हद्द वाढवण्यात आली आणि मजरेवाडी, शेळगी, बाळे, कुमठे, सोरेगाव यांसारखा भोवतालचा परिसर महानगरपालिकेत आला. या हद्दवाढ भागात, तसेच विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या आसपास वाढलेल्या वसाहतींत, घरे आधी झाली आणि मलवाहिन्या नंतर आल्या. दरम्यानच्या काळात प्रत्येक घराने सेप्टिक टाकी बांधून आपली सोय आपणच केली. मैला ज्या बंदिस्त टाकीत साचून कुजतो आणि ज्यातील वरचे पाणी पुढे शोषखड्ड्यात मुरते, ती सेप्टिक टाकी होय. केंद्र शासनाचे अमृत अभियान २०१५ साली सुरू झाल्यानंतर हद्दवाढ भागात मलवाहिन्या टाकण्याच्या कामांना गती मिळाली. म्हणजे जुन्या शहरात जीर्ण नळी बदलण्याचा खर्च आहे, तर हद्दवाढ भागात टाकी बंद करून घर प्रथमच सार्वजनिक वाहिनीला जोडण्याचा खर्च आहे. दोन्हींचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो.

या नळ्यांतून गोळा झालेले पाणी देगाव, कुमठे आणि प्रतापनगर येथील मलशुद्धीकरण केंद्रांकडे जाते. जे पाणी तेथवर पोहोचत नाही, ते नाल्यांवाटे सीना नदीच्या दिशेने वाहते, आणि सीना पुढे हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. त्यामुळे एका घराची फुटकी नळी ही त्या घरापुरती अडचण राहत नाही, तिचा संबंध गावकुसाबाहेरच्या नदीशीही येतो.

नळी का निकामी होते

सोलापूरचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला असून अनेक ठिकाणी त्यावर काळ्या मातीचा थर आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. पावसाळ्यात फुगलेली माती नळीला वर उचलते, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की तीच माती आकसून भेगाळते आणि नळीखालचा आधार निघून जातो. दरवर्षी होणारी ही उलथापालथ नळीच्या अंगापेक्षा तिच्या सांध्यांना अधिक जाचते. सांधा एकदा सैल झाला की त्यातून झिरपणारे पाणी तेवढ्याच जागेची माती कायम ओली ठेवते, ती जागा शेजारच्या कोरड्या मातीपेक्षा वेगळी हलते आणि झीज वाढतच जाते. पायाजवळून गेलेली नळी अशी झिरपू लागली, तर भिंतीला तडे जाण्याचे ते एक कारण ठरते.

जुन्या घरांतील नळ्या बहुधा चिनी मातीच्या असत. भाजलेल्या आणि आतून-बाहेरून चकाकी दिलेल्या मातीच्या या नळ्या आम्लाने झिजत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्या साठ ते नव्वद सेंटीमीटर लांबीच्या तुकड्यांत मिळतात. बारा मीटरची लाइन साठ सेंटीमीटरच्या तुकड्यांनी केली तर वीस तुकडे आणि एकोणीस सांधे होतात, तर सहा मीटर लांबीचे पीव्हीसी पाइप वापरले तर तेच अंतर दोन पाइप आणि एका सांध्यात पार पडते. हलत्या मातीत सांधा हेच मर्मस्थान असल्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो. कडुलिंब, पिंपळ, उंबर यांची मुळे ओलाव्याच्या शोधात शिरतात तीही सांध्यांतूनच, आणि आत गेल्यावर केसाळ जाळे करून मैला अडवून धरतात.

सिमेंटच्या नळ्यांचे दुखणे निराळे असते. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो, नळीच्या ओलसर छतावर वाढणारे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंटला वरच्या बाजूने खाते. उष्णतेने ही क्रिया वेग धरते, म्हणून सोलापूरसारख्या तापणाऱ्या शहरात सिमेंटची नळी खालून धड आणि वरून पोखरलेली सापडते.

यात आणखी एका स्थानिक कारणाची भर पडते. मलवाहिनी स्वच्छ राहायची तर तिच्यातून दिवसाकाठी निदान एकदा पाणी पुरेशा वेगाने वाहावे लागते. सेकंदाला सुमारे पाऊण मीटर हा वेग अभियंते स्वयंशुद्धीचा वेग मानतात, कारण त्या वेगाने वाहणारे पाणी गाळ आणि मैला तळाशी बसू देत नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, दोन पाळ्यांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर पडणे लोकांच्या अंगवळणी पडले आहे. पाणी आलेल्या दिवशी धुणी-भांडी आणि साफसफाई होते, पुढचे दिवस साठवलेले पाणी जपून वापरले जाते आणि संडासात बादलीभर पाण्याऐवजी तांब्या-दोन तांब्यांवर निभावले जाते. अशा वेळी उतार थोडा जरी कमी असला, तरी मैला वाटेतच बसतो.

पाणीपुरवठ्याच्या या खंडामुळे आरोग्याचा धोकाही संभवतो. नळाची वाहिनी रिकामी असताना तिच्यातील दाब नाहीसा होतो. शेजारून जाणारी मलवाहिनी झिरपत असेल आणि पाण्याच्या नळीला कोठे बारीक छिद्र असेल, तर मातीत मुरलेले घाण पाणी तिच्यात ओढले जाते आणि पुढच्या पाळीला ते घरोघरी पोहोचते. कावीळ, विषमज्वर आणि जुलाब यांच्या साथी या मार्गाने पसरतात. म्हणून पाण्याची नळी मलवाहिनीच्या वरच्या पातळीवर आणि शक्यतो तीन मीटर अंतरावर असावी असे मानतात. पेठेतल्या बोळात एवढे अंतर मिळणे अशक्य असते, आणि म्हणूनच तेथील मलवाहिनी न झिरपणारी असणे अधिक गरजेचे ठरते.

आधी निदान, मग खोदाई

नळी तुंबली म्हणजे ती बदललीच पाहिजे असे नाही, आणि तुंबलेली नळी दरवेळी घरमालकाचीच असते असेही नाही. त्याची पहिली तपासणी कोणालाही करता येते. घरापासून रस्त्यापर्यंतच्या लाइनवर ठिकठिकाणी जे झाकणाचे चौकोनी हौद असतात त्यांना चेंबर म्हणतात. रस्त्यालगतचे शेवटचे चेंबर काठोकाठ भरलेले असेल, तर अडथळा पुढे सार्वजनिक वाहिनीत असण्याचा संभव मोठा असतो आणि तक्रार महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे, म्हणजे बोलीत ज्याला झोन ऑफिस म्हणतात तेथे करावी लागते. घराजवळचे चेंबर भरलेले आणि शेवटचे कोरडे असेल, तर दोष त्या दोहोंच्या मधल्या नळीत, म्हणजे घराच्या हद्दीत असतो. एवढी साधी पाहणी न करता स्वतःचे अंगण खणून काढणारे आणि अखेर रस्त्याखालच्या वाहिनीपाशी येऊन थांबणारे घरमालक थोडे नसतात.

दोष घराच्या नळीत आहे असे ठरल्यावर तो कोठे आणि कसला आहे हे पाहावे लागते. लांब तारेला जोडलेला छोटा कॅमेरा नळीत सोडून आतील चित्र पाहण्याची सोय मोठ्या शहरांप्रमाणे आता इतरत्रही होऊ लागली आहे. ती नसेल तेथे आरसा आणि दिवा यांची जुनी परीक्षा आजही उपयोगी पडते. दोन चेंबरांमधील नळी धुऊन मोकळी केल्यावर एका चेंबरात विजेरी धरतात आणि दुसऱ्या चेंबरात तिरका आरसा. नळी सरळ आणि निर्वेध असेल तर आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. वर्तुळाचा तळ कापलेला दिसला तर गाळ साचलेला असतो, वरची कड तुटलेली दिसली तर नळी मध्येच खचलेली असते आणि प्रकाश मुळीच आला नाही तर सांधा सरकलेला किंवा नळी फुटलेली असते. या परीक्षेसाठी चेंबरांची झाकणे उघडी करता आली पाहिजेत. फरशी एकसंध दिसावी म्हणून ती झाकणे सिमेंटखाली गाडून टाकण्याची पद्धत त्यामुळेच घातक आहे.

एकच सांधा निसटलेला असेल तर तेवढ्याच दीड-दोन मीटरचा भाग बदलून भागते. सांधे जागोजाग सुटले असतील, नळीचा उतारच उलटा झाला असेल किंवा सिमेंटची नळी वरून खाल्ली गेली असेल, तरच संपूर्ण लाइन बदलण्यात अर्थ असतो.

चाळीस फुटांच्या लाइनचा हिशेब

खर्चाची रचना समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. घराच्या मागील संडासापासून पुढील रस्त्यापर्यंत लाइनची लांबी चाळीस फूट आहे, चर दोन फूट रुंद आणि सरासरी तीन फूट खोल आहे, असे धरू. या चरातून निघणारी माती २४० घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांच्या ब्रास या बांधकामातील रूढ मापाने २.४ ब्रास होते. मोकळी झालेली माती फुगत असल्यामुळे वाहून नेताना ती आणखी भरते. पुढील दर हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते हंगाम, वस्ती आणि कारागीर यांनुसार कमी-अधिक होतात, मात्र निरनिराळ्या बाबींचे परस्परांशी प्रमाण त्यांतून स्पष्ट होते.

१६० मिलिमीटर व्यासाचा, जमिनीखाली घालण्याचा पीव्हीसी पाइप मीटरला ५०० रुपये धरला, तर बारा मीटरचे ६,००० रुपये होतात, आणि बेंड, वाय जोड, रबरी रिंगा इत्यादींचे २,००० रुपये. गवंडी किंवा प्लंबर रोज १,००० रुपयांप्रमाणे तीन दिवस लागला तर ३,००० रुपये, आणि दोन बिगारी प्रत्येकी ७०० रुपयांप्रमाणे तीन दिवस लागले तर ४,२०० रुपये. फरशी आणि कोबा फोडण्यासाठी ब्रेकर यंत्राचे २,००० रुपये. नळीखाली आणि भोवती भरायला दीड ब्रास मुरूम किंवा क्रश सँड ४,५०० रुपये. विटांची दोन नवी चेंबरे झाकणांसह १०,००० रुपये. राडारोडा आणि काळी माती वाहून नेण्याचे ३,००० रुपये. चरावरची ८० चौरस फूट फरशी पुन्हा बसवण्याचे, चौरस फुटाला १२० रुपयांप्रमाणे, ९,६०० रुपये. ही बेरीज ४४,३०० रुपये होते आणि तीत पाइपची किंमत सातव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

या मांडणीतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पाइपमध्ये केलेली काटकसर जवळजवळ निरर्थक असते. जमिनीखालच्या पीव्हीसी पाइपसाठी आयएस १५३२८ हे भारतीय मानक असून त्यात दाब सोसण्याच्या क्षमतेनुसार एसएन २, एसएन ४ आणि एसएन ८ असे वर्ग आहेत. अंक जितका मोठा तितका पाइप ताठ. वरच्या वर्गाचा पाइप एक तृतीयांश महाग पडला असे धरले, तरी उदाहरणातील खर्च २,००० रुपयांनी, म्हणजे शेकडा साडेचारने वाढतो, आणि जेथून दुचाकी किंवा चारचाकी जाते तेथे हाच पाइप चपटा होण्यापासून वाचतो. भिंतीवर उघड्याने लावण्याचा एसडब्ल्यूआर पाइप वेगळ्या मानकाचा असतो. तो स्वस्त मिळाला म्हणून रहदारीच्या जागी मातीखाली घालणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट अशी की मार्गाची निवड हाच खर्च वाचवण्याचा मोठा उपाय आहे. घराच्या बाजूने मोकळा बोळ असेल आणि लाइन तेथून वळवता येत असेल, तर ब्रेकरचे आणि फरशीचे मिळून ११,६०० रुपयांपैकी बहुतेक रक्कम वाचते, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला घराच्या आत खणावे लागत नाही.

ठेकेदाराने सांगितलेला एकरकमी आकडा वाजवी आहे की नाही हे पाहण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरण यांच्या दरसूची चांगल्या कामी येतात. खोदाई, पाइप टाकणे, चेंबर बांधणे अशा प्रत्येक बाबीचा दर त्यांत स्वतंत्रपणे दिलेला असतो. लहान खासगी कामाचा दर त्याहून थोडा चढा असणे स्वाभाविक आहे. तरीही बाबवार अंदाजपत्रक मागितले म्हणजे कोणती बाब गाळली गेली आहे हे घरमालकाला दिसते, आणि गाळलेली बाब बहुधा मुरूम किंवा चेंबर हीच असते.

ढाळ, मुरूम आणि चेंबर

काम टिकणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट ढाळ, म्हणजे नळीला दिलेला उतार. चार इंची नळीला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंची नळीला साठ फुटांत एक फूट हा कारागिरांत रूढ असलेला दंडक सुरक्षित आहे. उदाहरणातील चाळीस फुटांच्या सहा इंची लाइनला त्याप्रमाणे आठ इंचांचा ढाळ लागतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवण्याच्या लेव्हल ट्यूबने हा ढाळ दर काही फुटांवर तपासता येतो. तो नजरेच्या अंदाजाने दिला तर मध्ये कोठेतरी खोलगट भाग राहतो, तेथे पाणी साचते आणि तुंबण्याची सुरुवात तेथूनच होते. सार्वजनिक वाहिनीची खोली आधी मोजणेही तितकेच आवश्यक आहे, कारण घराचे शेवटचे टोक तिच्याहून खाली गेले तर सगळी खोदाई वाया जाते.

दुसरी गोष्ट नळीभोवतीचे भरण. काळी माती असलेल्या जागी निघालेलीच माती पुन्हा चरात लोटणे म्हणजे जुन्या नळीचे दुखणे नव्या नळीला लावणे होय. नळीखाली सहा इंच, दोन्ही बाजूंना आणि वर सुमारे एक फूट मुरूम, वाळू किंवा क्रश सँड थराथराने दाबून भरली, तर मातीची फुगण्या-आकसण्याची हालचाल नळीपर्यंत कमी पोहोचते. उदाहरणात या बाबीला ४,५०० रुपये धरले आहेत, आणि ती वगळल्यामुळे खचलेली लाइन पुन्हा बदलायची तर जवळजवळ सगळाच खर्च नव्याने करावा लागतो.

तिसरी गोष्ट चेंबर. नळीची दिशा, उतार किंवा व्यास जेथे बदलतो त्या प्रत्येक ठिकाणी चेंबर असावे हा नियम आहे. वळणावर चेंबरऐवजी नुसता बेंड टाकून तो पुरून टाकला, तर पाच हजारांची बचत होते आणि त्या वळणाशी अडथळा आला की सळई घालायला जागाच उरत नाही. चेंबरचा तळ सपाट न ठेवता नळीच्या रेषेत अर्धगोल पन्हळ काढलेली असावी, म्हणजे मैला कोपऱ्यांत न साचता सरळ पुढे जातो.

चर बुजवण्यापूर्वी लाइनची परीक्षा घेणे हा घरमालकाचा हक्क आहे. खालचे तोंड बंद करून नळी पाण्याने भरली आणि काही वेळ पातळी तशीच राहिली, तर सांधे घट्ट आहेत. पातळी उतरली तर कोणता सांधा ओला झाला ते उघड्या चरात लगेच दिसते. या परीक्षेला काही बादल्या पाणी आणि तासाभराचा वेळ लागतो.

टाकी बंद करून जोडणी घेताना

हद्दवाढ भागातील घरांपुढचा प्रश्न भूमितीचा असतो. त्यांच्या सेप्टिक टाक्या बहुधा घरामागे किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत बांधलेल्या आहेत आणि नवी सार्वजनिक वाहिनी मात्र घरासमोरच्या रस्त्याखाली आली आहे. संडासाचा ढाळ आजवर मागे होता, तो आता पुढे वळवावा लागतो; त्यासाठी लाइनची लांबी वाढते, पुढच्या टोकाची खोली वाढते आणि खोदाई मुरमाच्या खाली पाषाणाला लागली तर ब्रेकरचे तास वाढतात. अशा घरांचा खर्च पेठेतल्या घराहून जास्त होतो याचे कारण हेच.

जोडणी झाल्यावर टाकी मार्गातून पूर्णपणे वगळली पाहिजे. सांडपाणी टाकीतून नेऊन मग वाहिनीला जोडले, तर सार्वजनिक वाहिनी असूनही टाकीतला गाळ उपसण्याचा खर्च चालूच राहतो. वगळलेली टाकी रिकामी करून, धुऊन, तिचा तळ फोडून मुरमाने भरून टाकणे योग्य. वर फरशी घालून ती पोकळ सोडली तर स्लॅब खचून अपघात होऊ शकतो.

येथे एका गोष्टीचा विचार पैशाच्या आधी झाला पाहिजे. बंद टाकीत आणि खोल चेंबरात साचलेले वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्यातच सापडतो. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकी यांत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणे हा गुन्हा ठरवला असून पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरवली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख रुपये केली. टाकी उपसण्यासाठी यंत्राची गाडी मागवण्याचे पैसे वाचवून एखाद्या गरीब मजुराला आत उतरवणे हा कोणत्याही हिशेबात न बसणारा अपराध आहे. १४४२० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सुरक्षित सफाईसाठी मागणी आणि धोकादायक सफाईविषयी तक्रार नोंदवता येते.

रस्त्याखालचा भाग

घराच्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्याखालच्या वाहिनीपर्यंतचे काही फूट हा सगळ्या लाइनमधील सर्वांत महागडा तुकडा ठरू शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे जवळून सार्वजनिक मलवाहिनी जात असेल तर तिला घर जोडून घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि या जोडणीचा खर्च व्यवहारात घरमालकाकडे येतो. रस्ता खोदण्यासाठी विभागीय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि रस्ता पूर्ववत करण्याचा आकार भरावा लागतो. खडीच्या रस्त्यापेक्षा डांबरी रस्त्याची आणि डांबरीपेक्षा काँक्रीटच्या रस्त्याची भरपाई महाग, हे ओघाने आलेच. गल्लीबोळांचे काँक्रिटीकरण झाल्यानंतर ज्याची लाइन फुटते त्याला हा भुर्दंड पुरता सोसावा लागतो; आणि तो टाळण्यासाठी रात्रीतून परवानगीविना केलेल्या खोदाईत कधी पाण्याची नळी फुटते, तर कधी रस्ता कायमचा खचतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये या प्रश्नाची तड कायद्याने लावण्यात आली. तेथे १ ऑक्टोबर २०११ पासून, सार्वजनिक वाहिनीला मिळणाऱ्या खासगी सामाईक मलवाहिन्या आणि घराच्या हद्दीबाहेरील जोडनळ्या पाणी-मलनिःसारण कंपन्यांकडे सोपवण्यात आल्या. घरमालकाची जबाबदारी त्याच्या हद्दीतील आणि केवळ त्याच्या घरासाठी असलेल्या नळीपुरती उरली. हा खर्च त्यानंतर सर्व ग्राहकांच्या देयकांत थोडाथोडा विभागला गेला. सोलापूरसारख्या महानगरपालिकेची आर्थिक ओढाताण पाहता संपूर्ण जबाबदारी उचलणे तिला लगेच शक्य होणार नाही. परंतु त्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते. रस्त्याखालची फुटकी जोडनळी शेजारच्या दहा घरांच्या पिण्याच्या पाण्याला धोका पोहोचवते, म्हणून तिच्या दुरुस्तीत सार्वजनिक हित आहे.

निदान दोन गोष्टी फार खर्चाविना करता येतील. कोणत्याही गल्लीचे काँक्रिटीकरण हाती घेण्यापूर्वी तेथील प्रत्येक घराची जोडणी तपासून जीर्ण जोडनळ्या एकाच वेळी बदलल्या, तर एकदाच झालेल्या खोदाईत वीस घरांचे काम होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च स्वतंत्र कामाच्या मानाने पुष्कळच कमी राहतो. दुसरे असे की बांधकाम परवानगीच्या नकाशात मलनिःसारणाची लाइन तुटक लाल रेषेने आणि पाणीपुरवठ्याची तुटक काळ्या रेषेने दाखवण्याची रीत आहे. ती रेषा प्रत्यक्ष कामाशी जुळती आहे की नाही हे जोडणीच्या वेळी पाहून विभागीय कार्यालयात नोंदवले गेले, तर पुढच्या दुरुस्तीला अंदाजाने खणावे लागणार नाही.

घरमालकाला मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. नवी लाइन टाकली की चर उघडा असतानाच तिची छायाचित्रे घ्यावीत, भिंतीपासूनची अंतरे, दोन्ही टोकांची खोली, पाइपचा वर्ग आणि चेंबरांच्या जागा एका कागदावर मांडाव्यात, आणि तो कागद घराच्या खरेदीखताबरोबर व मालमत्ता कराच्या पावत्यांबरोबर जपून ठेवावा. वाटणीच्या वाड्यांत सामाईक लाइनचा मार्ग आणि खर्चाचा वाटा वाटणीपत्रातच लिहून घ्यावा. घराचे ड्रेनेज बदलणे हा आयुष्यात एखाद्या वेळीच करावा लागणारा खर्च आहे. तो ढाळ, मुरूम आणि चेंबर यांवर योग्य रीतीने केला आणि त्याची नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीला तो पुन्हा करावा लागू नये, एवढे टिकाऊ साहित्य आणि एवढे ज्ञान आज प्रत्येक सोलापूरकराच्या आवाक्यात आहे.